वजनवही : बोट क्रमांक ७

६ जानेवारी

सात नंबरच्या बोटीचं काम आजपासून. शिडाची कॅटमरान, म्हणजे दोन हलांची बोट (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं धड), लांबी १५.८ मीटर, रुंदी ७.७ मीटर, दोन्ही हल कार्बन आणि इपॉक्सीचे, मधे फोमचा गाभा. पाण्यात उतरताना रिकामं वजन ११,२०० किलो. हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली रेघ ओढली. रेघ मागच्या बोटीच्या वेळीही ओढली होती. ती बोट ६१० किलोंनी जड झाली, आणि ते ६१० किलो कुठून आत शिरले हे आम्हांला आजतागायत सांगता आलेलं नाही.

म्हणून या वेळी वजनवही. नियम एकच: तराजूवर चढल्याशिवाय कुठलीही वस्तू बोटीवर चढणार नाही. कापड, रेझिन, फोम, बोल्ट, वायर, सगळं. कापून खाली पडलेला चुराही मोजायचा आणि वजा करायचा. वही लॅमिनेशनच्या पोराकडे दिली. पोरगा म्हणतो मी, पण वय एकतीस. अक्षर सुरेख, स्वभाव किरकिरा, म्हणजे या कामाला अगदी योग्य. मे महिन्यात बाप होणार आहे. "त्याआधी दोन्ही हल जोडून देतो," म्हणाला.

९ जानेवारी

नव्या शिकाऊ पोरीनं विचारलं, वजनाचं एवढं काय? बोट मोठी आहे, शंभर किलो इकडेतिकडे झाले तर कुणाला कळणार?

चहा होईपर्यंत फळ्यावर गणित मांडलं. साधी एका हलची बोट पाणी ढकलत जाते, स्वतःचीच लाट उभी करते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की तिच्या वेगाची मर्यादा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळते. आमच्या लांबीला ती साडेनऊच्या आसपास येते. कॅटमरानचा हल मात्र सुरीसारखा. आमचा १५.४ मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेवर फक्त सव्वा मीटर रुंद, म्हणजे बाराला एक. असा हल लाट फारशी उभीच करत नाही, त्यामुळे ती मर्यादा त्याला लागू पडत नाही. पण हे सगळं सुरी पातळ असेपर्यंत. साधारण २६० किलो चढवले की बोट एक सेंटीमीटर खाली बसते. एक टन म्हणजे चार सेंटीमीटर. तेवढंच अंतर दोन हलांमधल्या ब्रिजडेकच्या पोटाखालून कमी होतं, आणि मग समोरून लाट आली की खालून थपडा बसायला लागतात. त्या थपडांनी कपबश्या उडतात, झोप उडते आणि शेवटी गिऱ्हाईकही उडतं.

पोरगी म्हणाली, कॅटमरान म्हणजे तमिळमधलं कट्टुमरम ना? बरोबर. बांधलेली लाकडं. गंमत अशी की तो एक तराफा आहे, त्याला दोन हल नसतातच. नाव तेवढं या बोटींना चिकटलं. आपल्याकडची उलांडी (बाजूला तरंगतं लाकूड लावलेली होडी) या बोटींची जास्त जवळची नातेवाईक.

१९ जानेवारी

डाव्या हलचं इन्फ्युजन, म्हणजे हवा ओढून घेऊन कोरड्या कापडात रेझिन भिनवणं. पहाटे पाचला सगळे हजर. साच्यात कोरडं कापड, त्यावर फोम, परत कापड, पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), जाळी, नळ्या, आणि सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी. पंपानं आतली हवा ओढून घेतली, मग पंप बंद करून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो. शिकाऊ पोरगी कडेकडेनं कान लावून सरपटत गेली. तिच्या कानाला दोन गळत्या सापडल्या, आमच्या यंत्राला एकही नाही.

नळ्या उघडल्यावर रेझिन दोन तास दहा मिनिटांत नाळेपर्यंत, म्हणजे हलच्या पुढच्या टोकापर्यंत, पोचलं. ब्रशनं हातानं लावलं तर निम्मं वजन रेझिनचंच होतं. असं ओढून घेतलं की साठ-पासष्ट टक्के कापड आणि बाकी रेझिन. ताकद कापडात असते. रेझिन त्याला नुसतं जागेवर धरून ठेवतं.

२२ जानेवारी

पिशवी काढली. डॅगरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेपाशी तळहाताएवढा कोरडा डाग. तिसरी गळती होती, ती कुणाच्याच कानाला लागली नव्हती. तो भाग तोडला, कडा उताराच्या घासल्या, थरावर थर दिले. वहीत १.९ किलो चढले आणि पुढे त्यानं लिहिलं: "माझी चूक." चूक सहा जणांची होती.

२ फेब्रुवारी

सकाळी तो आला नाही. नऊला निरोप: रात्री मुलगी झाली, पंचविसावा आठवडा, ७४० ग्रॅम.

निरोपात बाकी काही नव्हतं. कुणासारखी दिसते, वहिनी कशा आहेत, काही नाही. फक्त वजन.

वही मी घेतली.

६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आलो. तो बाहेरच्या बाकावर बसला होता. मी काय बोलावं हे मला कळेना, तेव्हा त्यानंच सुरुवात केली, आणि तीही रेझिनपासून. रेझिन कापडात भिनतं की थेंब होऊन वर बसतं, हे पृष्ठताणावर असतं ना, तसंच हे, म्हणाला. फुप्फुसात लाखो बारीक फुगे असतात, श्वास सोडला की ओल्या भिंतींच्या पृष्ठताणानं ते मिटायला बघतात. ते मिटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पदार्थ तयार करतं, सर्फॅक्टंट, पण पोटातले शेवटचे आठवडे मिळाले तरच तो पुरेसा होतो. लवकर जन्मलेल्या मुलांच्या फुप्फुसात हाच कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवलं. तरी १९६३ मध्ये केनेडींचा मुलगा, अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा, साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला; देण्यासारखं तेव्हा कुणाकडेच काही नव्हतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट अशा मुलांना देऊन दाखवलं.

हिला ते जन्मल्याबरोबर दिलं. चार रात्रींत त्यानं हे सगळं वाचून काढलं होतं. वजन उतरतंय, पण पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं उतरतं, हेही त्यानंच मला समजावलं.

आजच्या नोंदी: स्टारबोर्ड हलचा फोम कापून तयार. वजन ११८ किलो. (तो "उजवा" लिहितो, मी "स्टारबोर्ड" लिहितोय. आल्यावर ओरडेल.)

१० फेब्रुवारी

आज दुपारी फोन. वहिनींनी बाळाला पहिल्यांदा छातीवर घेतलं, उघड्या अंगाला अंग लावून. तासभर. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या एका दवाखान्यात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या (इनक्युबेटर) कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी आयांनाच पेट्या केलं, तिथून ती सुरू झाली. नळ्या, तारा सांभाळून दोन नर्सनी बाळाला उचलून ठेवलं म्हणे. ६८९ ग्रॅम. परत चढायला लागलंय.

शेडमध्ये सांगितल्यावर सुतारकाकांनी रंधा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

१३ फेब्रुवारी

सकाळी डाव्या हलमध्ये तीन आणि चार नंबरची बल्कहेड्स (हलमधल्या आडव्या भिंती) बसवली. दोनला फोन आला. संसर्ग. फुप्फुसांनी दगा दिला नव्हता.

चारला शेड बंद केली.

१९ फेब्रुवारी

काम चालू. दहा नोंदी. मी वहीत दोनदा बेरीज चुकलो.

१६ मार्च

तो आज कामावर आला. कुणाला काय बोलायचं ते सुचत नव्हतं, त्यामुळे सगळे जरा जास्तच मोठ्यानं कामाचं बोलत होते. त्यानं डबा ठेवला, वही मागितली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या सहा आठवड्यांच्या नोंदी तपासत बसला. "स्टारबोर्ड" सगळीकडे खोडून "उजवा" केलं. चुकलेल्या बेरजा बरोबर केल्या. १३ फेब्रुवारीचं पान कोरं आहे, तारीख तेवढी माझ्या अक्षरात. त्या पानाला त्यानं हात लावला नाही.

जाताना म्हणाला, "दादा, तुमच्या या आठवड्यांत काहीतरी राहिलंय. हल जड वाटतोय." हल क्रेनला होता. जड वाटतोय म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही.

४ एप्रिल

ब्रिजडेकच्या पट्ट्यांचं वजन बघायला वही चाळत होतो, तर शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. अकरा तारखा आणि अकरा आकडे, २ पासून १२ फेब्रुवारीपर्यंत. ७४० नं सुरुवात. मग ७२१, ७०२, ६८४, ६६८. तिथून पुढे उलट, वर. शेवटचा ६९४. आमच्या रकान्यांत असतं तसंच: तारीख, वस्तू, ग्रॅम. वस्तूच्या रकान्यात तिचं नाव.

नाव या नोंदींत लिहायचं नाही, असं मी माझं ठरवलंय. ते त्या पानावर आहे, पुरे.

११ एप्रिल

शिकाऊ पोरीनंही ते पान पाहिलंय, हे आज कळलं. दुपारच्या सुट्टीत ती त्याच्याचसमोर म्हणाली, "आपण सायकल चालवू या. एका ग्रॅमला एक किलोमीटर." मला वाटलं आता हा उठून जाईल. त्यानं डबा बंद केला आणि विचारलं, "कुठलं वजन धरायचं?"

जन्माचं धरा, असं सगळ्यांना वाटलं. ७४०. बाळाचं वजन म्हणून लोक सांगतात ते तेच. तो घरी विचारून येतो म्हणाला.

१२ एप्रिल

वहिनींचं उत्तर: शेवटचं. ६९४. "ती वाढत होती, म्हणून."

२ मे

पैसे कशासाठी जमवायचे, यावर तीन बैठका झाल्या. रिगरचं (डोलकाठी आणि तारा बसवणाऱ्याचं) म्हणणं, लहान बाळांच्या आजारांवरच्या संशोधनाला द्या. ठीकच होतं. पण वहिनींनी एक वेगळीच गोष्ट सांगितली आणि चर्चा संपली. बाळ गेल्यावर त्यांना ते किती वेळ जवळ ठेवता येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. काही दवाखान्यांत थंड पाळणा असतो: पाळण्यात एक पातळ गादी, तिच्यातून थंड पाणी फिरत राहतं, त्यामुळे बाळाला लगेच शीतगृहात न्यावं लागत नाही. आईबाप खोलीत बाळाजवळ राहू शकतात, काही तास, कधी एकदोन दिवससुद्धा. आजीआजोबांना लांबून यायला वेळ मिळतो. ज्या दवाखान्यात ही होती तिथे असा पाळणा नव्हता. त्यात कुणाची चूक नाही, बहुतेक ठिकाणी नसतोच.

दोन पाळणे घ्यायचे ठरलं. जगात वर्षाला तेवीस लाखांच्या आसपास बाळं जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत जातात, हा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. तो आकडा पत्रकावर छापायचा होता. त्यानं काढून टाकायला लावला. "त्या आकड्यानं कुणी पैसे देत नाही. आणि दिले तर माझ्यासाठी नकोत."

१८ मे

सायकलींचा विषय निघाला आणि शेड वेडी झाली. आठ जण जाणार, त्यांतले पाच जण वर्षानुवर्षं वजन कमी करायच्या धंद्यात. कुणी कार्बनचा सीटपोस्ट करायला घेतला, कुणी बाटलीचा पिंजरा. सुतारकाकांनी पेडलला भोकं पाडायचा प्रस्ताव मांडला.

शिकाऊ पोरगी एकेकाळी शर्यतींत उतरायची. तिनं सगळ्यांना गप्प केलं. सपाटीवर तुम्हांला अडवतो तो वारा, वजन नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला लागणारी ताकद घनानं. अर्धा किलो वाचवून काही होणार नाही. एकामागे एक नीट चालवलंत तर मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचेल. पोट आत घेतलंत तर आणखी. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मग तिनं सगळ्यांच्या सीटची उंची लावून दिली. माझी गेली वीस वर्षं चार सेंटीमीटर खाली होती. बोटीच्या हिशेबात, एक टन जास्त.

१४ जून

मालक आणि मालकीणबाई आल्या. हा टप्पा मला दरवेळी अवघड जातो. वेगवान बोट हवी म्हणून येतात आणि मग एकेक गोष्ट आत आणतात. कपडे धुण्याचं यंत्र. वाइनचं कपाट. स्वयंपाकाच्या ओट्यावर दगडच हवा.

दगड मिळाला. दोन मिलिमीटरचा पापुद्रा, खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं असलेला पातळ पत्रा. बोटांनी टिचकी मारली तर पोकळ वाजतो, मालकीणबाईंनी मारली नाही. लाकडाचंही तसंच: फोमच्या फळीवर ०.६ मिलिमीटरचं खरं लाकूड. सुतारकाका याला "लाकडाचा फोटो" म्हणतात आणि तरी सांधा असा बसवतात की नख फिरवलं तर लागत नाही. धुण्याचं यंत्र ठेवलं, वाइनचं कपाट गेलं. आमच्या वजनवहीवाल्यानं मालकांना शांतपणे विचारलं, "बाटल्या भरल्यावर ९० किलो. ते कपाट हवं, की शिडाचा एक जास्तीचा नग?" मालक हसले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना रुपये-पैशांऐवजी किलोंत भाव सांगितला असावा.

माझं मत विचाराल तर अशा बोटीतला ऐषआराम दगडात नाही आणि सोफ्यातही नाही. रात्री पंधरा नॉटनं जाताना आत कुठे करकर वाजत नाही, खालून थप्पड बसत नाही, आणि टेबलावरचा पेला जागचा हलत नाही, तो ऐषआराम. तो कॅटलॉगात दाखवता येत नाही, म्हणून दगड.

२० जुलै

डोलकाठी आली. कार्बनची, २२ मीटर. रिगरनं शिकाऊ पोरीला भार समजावला, मीही ऐकत बसलो. एका हलच्या बोटीला वारा जास्त झाला की ती कलते, शिडातून वारा सांडते, खालचं जड कील तिला परत उभं करतं. कॅटमरान कलत नाही. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटेपर्यंत तिचा प्रतिकार वाढत जातो, आणि तो कमाल किती, तर बोटीचं वजन गुणिले दोन हलांमधल्या अंतराचा निम्मा. आमचा हिशेब, भरल्या बोटीचा: तेरा टन गुणिले ३.२ मीटर. तेवढा सगळा भार तारांवर, डोलकाठीच्या पायावर, बल्कहेडवर. त्यापलीकडे गेलं की उलटी, आणि उलटी झाली की तशीच राहते. "म्हणून," रिगर म्हणाला, "हिचे आकडे बघून शीड कमी करायचं असतं. ती आपणहून काही सांगत नाही."

मग त्यानं २००० सालची टीम फिलिप्स काढलीच, तो नेहमी काढतो. १२० फुटांची, त्या काळची थक्क करणारी कॅटमरान. मार्चमध्ये चाचणीतच एका हलची नाळ तुटली, दुरुस्त करून डिसेंबरात परत निघाली, अटलांटिकमधल्या वादळात सोडून द्यावी लागली. सातही जण वाचले. आणि त्याच्या विरुद्ध टोकाला १८७६ ची अ‍ॅमरिलिस: नॅथनेल हेरेशॉफनं बांधली, न्यूयॉर्कच्या शर्यतीत एका हलच्या सगळ्या बोटींना मागे टाकलं, आणि बक्षीस म्हणून काय, तर तक्रारी होऊन असल्या बोटींना शर्यतीतूनच बाहेर काढलं.

वजनवहीवाला तेव्हा डोलकाठीच्या पायाशी बोल्ट मोजत होता. त्यानं हे ऐकलं की नाही, माहीत नाही.

९ ऑगस्ट

सराव: ९४ किलोमीटर. रिगरच्या मांड्या सोलल्या. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

३० ऑगस्ट

पाळण्यांचे निम्मे पैसे जमले. एका गृहस्थांनी रक्कम दिली आणि चिठ्ठीत फक्त "१९७४" असं लिहिलं. दुसरं काही नाही. त्यानं ती चिठ्ठी वजनवहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवली.

२७ सप्टेंबर

बोट बाहेर काढली. क्रेनच्या चार पट्ट्यांवर चार लोड सेल (वजन मोजणारी यंत्रं). सगळे श्वास रोखून.

वहीची बेरीज: ११,३४६. सेलची बेरीज: ११,३७१.

ठरलेल्यापेक्षा १७१ किलो जास्त, म्हणजे पाऊण सेंटीमीटरही नाही. मागच्या वेळचे ६१० आठवून मी रिगरला मिठीच मारली. डिझायनरनं हात मिळवले. पण आमचा माणूस कागद घेऊन तिथेच उभा. "पंचवीस किलो," म्हणाला. मी म्हणालो, अरे, अकरा टनांत पंचवीस! लोड सेलची चूकच तेवढी असेल. तो म्हणाला, सेल काल तपासलेत. मग जरा थांबून, "ते तुमच्या आठवड्यांतले आहेत, दादा." आवाजात राग नव्हता.

दुपारच्या भरतीला बोट पाण्यात गेली. पाण्याची रेषा रंगाच्या पट्टीच्या खाली, बोटभर. देखणी दिसते. पण आज तिच्यापेक्षा ते पंचवीस किलोच डोक्यात आहेत.

३ ऑक्टोबर

चाचणी. अठरा नॉट वारा, बाजूच्या जरा मागून. बोट १४.६ स्थिर, एका झुळकीत १७.२. चाकावर मालकीणबाई होत्या. आत ओट्यावर पाण्याचा पेला ठेवला होता, तो जागचा हलला नाही. उजव्या विंचखालून (शिडाचे दोर ओढायच्या चरखीखालून) पाणी झिरपतंय, ते बघायचं.

१० ऑक्टोबर

निघालो. सकाळी सहा, आठ जण, एक गाडी मागे. आज १२८ किलोमीटर. पाच दिवस रोज एवढेच, म्हणजे ६४०, आणि शेवटच्या दिवशी ५४. शेवटचे ५४ वहिनी बरोबर येणार.

पहिल्या तासात सगळे बोलत होते, तिसऱ्या तासात फक्त शिकाऊ पोरगी.

१२ ऑक्टोबर

समोरून वारा. १२८ ला साडेआठ तास लागले. दर पाच मिनिटांनी पुढचा मागे जायचा, असं ठरलं होतं, पण तो पुढून हटेचना. पोरीनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती सरळ त्याच्या पुढे जाऊन चालवायला लागली आणि हातानं मागे जा अशी खूण केली. तो मागे गेला. माझ्या मागे आला. बराच वेळ मला त्याचा श्वास ऐकू येत होता, नुसता वाऱ्याशी भांडून लागलेल्या धापेसारखा नव्हता. मी मागे वळून बघितलं नाही. वेग तेवढा एकसारखा ठेवला.

१४ ऑक्टोबर

६४० पूर्ण. दोन पंक्चर, एक तुटलेली साखळी, सुतारकाकांचा गुडघा सुजलाय पण ते कबूल करत नाहीत. मुक्कामावर रिगरनं गाडीतून विंचचं हँडल आणलं आणि ते हातोहात फिरलं. साधारण तेवढंच वजन. कुणी काही बोललं नाही. शिकाऊ पोरीनं ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

१५ ऑक्टोबर

वहिनी सायकलवर. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, मग वीस किलोमीटरनंतर सगळ्यांच्या पुढे. आज संध्याकाळी सातला, ज्या देशात जेव्हा सात वाजतील तेव्हा, गेलेल्या बाळांसाठी मेणबत्ती लावून तासभर ठेवायची पद्धत आहे. उजेड असा पृथ्वीभर सरकत जातो. त्या हिशेबानंच शेवटचा दिवस आजचा ठेवला होता.

साडेसहाला शेडच्या फाटकाशी पोचलो. लोक जमलेले, टाळ्या. त्यानं मीटर बघितला आणि सायकलवरून उतरलाच नाही. ६९२.७.

आठ जणांच्या आठ मीटरांवर आठ आकडे होते, माझ्यावर तर ६९६ होते. पण चाकाचा घेर टेपनं मोजून लावलेला मीटर एकट्याचाच. १.३ किलोमीटर कमी. शेडभोवतीची एक फेरी २६० मीटर, हे क्रेनच्या रुळांमुळे सगळ्यांना पाठ आहे. मग आम्ही नऊ जण, पाय लुळे झालेले, शेडभोवती गोल गोल पाच फेऱ्या. पहारेकरी मोठ्यानं मोजत होता. तिसऱ्या फेरीला वहिनी हसायला लागल्या, मग तोही.

सात वाजता वाऱ्यामुळे मेणबत्त्या लागेनात. शेवटी रिकाम्या रेझिनच्या डब्यांत ठेवल्या.

पाळण्यांचे पैसे पूर्ण. थोडे वर उरले, ते दवाखान्यातल्या आईबापांच्या खोलीला.

२१ ऑक्टोबर

बोट मालकांना द्यायची तारीख ठरली. उजव्या विंचखालची गळती: बोल्टभोवती सीलंट कमी पडलं होतं, काढून परत बसवलं.

स्टोअरवाल्या काकांनी वर्षाचा साठा जुळवायला घेतलाय. त्यांनी आज एक पावती आणून दिली, ती त्यांच्याही हिशेबात बसत नव्हती. बल्कहेडच्या कोपऱ्यांत भरायची इपॉक्सी पेस्ट, डबे पाच, प्रत्येकी पाच किलो. खाली माझी सही. तारीख १३ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

मी ती त्याच्याकडे नेली. त्यानं वाचली, दोनदा. वही काढून १३ फेब्रुवारीचं पान उघडलं. माझ्या अक्षरातल्या तारखेखाली लिहिलं: "डावा हल, बल्कहेड ३ व ४, फिलेटची पेस्ट, २५.००० किलो." मग मागच्या सगळ्या बेरजा एकेक करून बदलत बसला, फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मालकांना वहीची नक्कल द्यायची, शेवटचं पान सोडून. मूळ वही त्याच्याकडे.

आठ नंबरचं कापड सोमवारी येतंय.